आठ सेकंद आणि एक चड्डी

आजचा विषय चारचौघांत बोलायला थोडा अवघड आहे, म्हणून आडवळण न घेता सरळ सांगतो. लांब पल्ल्याची सायकल चालवताना आत गादी शिवलेली जी चड्डी घालतात, तिचा आज इतिहास बघायचा आहे. दुकानात तिला ‘पॅडेड शॉर्ट्स’ म्हणतात. इंदूरला आमच्या घरात तिचं नाव ‘गादीवाली’ असं पडलंय. हसू आलं तर हसून घ्या. पण या चड्डीपायी मोठमोठे स्पर्धक हरलेत आणि माझ्यासारखा साधा माणूस अर्ध्या रस्त्यातून परत आलाय.

आधी मोठ्यांची गोष्ट. २३ जुलै १९८९, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. तीन आठवड्यांत ३,२०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून झालेलं. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. व्हर्साय ते पॅरिस हे २४.५ किलोमीटर प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी झुंजत कापायचे होते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ते फिन्योंपेक्षा ५८ सेकंद आधी कापले. सगळी शर्यत मिळून फिन्यों फक्त आठ सेकंदांनी हरला. टूरच्या इतिहासात पहिल्या आणि दुसऱ्यातलं याहून कमी अंतर नाही.

लेमाँडच्या सायकलला पुढे वाढवलेलं हँडल होतं, त्यावर कोपर टेकवून तो वाऱ्याला चुकवत होता. या विजयाचं श्रेय बहुतेक वेळा त्या हँडलला देतात, आणि ते बरोबरच आहे. पण शेवटचे काही दिवस फिन्योंला सीटवर टेकण्याच्या जागी जखम झाली होती. बसणं मुश्कील झालं होतं, रात्रीची झोप उडाली होती. हँडलचा फोटो निघतो, या जखमेचा कोण काढणार?

आता छोट्याची, म्हणजे माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी ३०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’त नाव दिलं. ही शर्यत नसते. ठरलेल्या वेळात ठरलेलं अंतर पुरं करायचं, पहिला-दुसरा नंबर नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. आमचा रस्ता इंदूरहून मानपूर, धामनोद, खलघाट, जुलवानिया करत सेंधव्यापर्यंत आणि तसाच परत. मी महिनाभर तयारी केली आणि खास त्या दिवसासाठी नवी गादीवाली घेतली. दुकानात होती त्यांतली सर्वांत जाड गादी मी निवडली. आत जेल भरलेलं, अंगठ्याएवढी जाडी. वर शहाणपणा असा, की तिच्या आत रोजची सुती चड्डीही घातली. दोन थर म्हणजे दुप्पट आराम, असा माझा हिशेब होता.

सेंधव्याला वळलो तेव्हाच आग व्हायला लागली होती. परतताना खलघाटला नर्मदेच्या पुलाशी पोहोचलो तेव्हा २२० किलोमीटर झाले होते आणि सात तास हातात होते. पाय शाबूत, दम शाबूत, फक्त बसता येत नव्हतं. मुलीला फोन केला. ती गाडी घेऊन आली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली आणि मी एका कुशीवर कलंडून घरी आलो. तिने वाटेत एकच प्रश्न विचारला, “बाबा, पूर्वीचे लोक काय करत असतील हो?”

त्या प्रश्नाने मला जुनी पुस्तकं उघडायला लावली. आजचा भाग त्यातूनच तयार झाला.

१८९१ साली पॅरिसहून ब्रेस्ट आणि परत पॅरिस अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्समध्ये पॅरिस ते लियाँ हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा होता. साठ जण निघाले, एकवीस पोहोचले आणि मॉरिस गारँ जिंकला. या मंडळींच्या अंगावर लोकरीचे कपडे असत. फोमची गादी तेव्हा नव्हती. मग ती माणसं बसली कशावर?

उत्तराचा पहिला भाग चड्डीत नाही, सीटमध्ये आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्सने १८८२ साली चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं. हा माणूस मूळचा घोड्याचं खोगीर आणि साज बनवणारा. त्या घराण्याच्या सीटची रचना झोळीसारखी असते. जाड चामडं पुढे आणि मागे पक्कं करून मधे ताणायचं, त्याच्याखाली पोकळी. नवीन असताना ती लाकडासारखी लागते. शेकडो किलोमीटरनंतर मात्र बसणाऱ्याच्या दोन हाडांचे दोन खळगे तिच्यात उमटतात. ही दोन हाडं ध्यानात ठेवा. कडक बाकावर बसलं की जी टोचतात तीच. सायकलवर वजन तोलायचं काम त्यांचं आहे. वजन त्यांच्यावर राहिलं की आजूबाजूचं मऊ मांस आणि नसा वाचतात.

उत्तराचा दुसरा भाग चड्डीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लोकरीच्या चड्डीच्या आत मऊ कातड्याचा तुकडा शिवायची पद्धत रूढ झाली. आल्प्सच्या डोंगरात शॅमॉय नावाचा बकरीच्या जातीचा प्राणी आहे. त्याच्या कमावलेल्या मऊ कातड्यावरून त्या तुकड्याला ‘शॅमी’ म्हणू लागले. पुढे मेंढीचं कातडं आलं, आज तर सगळं कृत्रिम आहे, तरी नाव तेच चालू आहे.

इथे थोडं थांबा, कारण माझी चूक इथेच दडलेली आहे. तो तुकडा गादी नव्हता. तो चांगलाच पातळ होता. लोकरीची शिवण आणि खरखर त्वचेला घासू नये, घाम टिपला जावा, एवढंच त्याचं काम. म्हणजे त्या जुन्या लोकांना कळलं होतं की शत्रू कडकपणा नाही, शत्रू घर्षण आहे. साधा हिशेब करा. मिनिटाला ७० पायडल धरले तर तासाला ४,२००, पंधरा तासांत ६३ हजार. तीच शिवण त्याच जागी ६३ हजार वेळा घासली तर रेशीमसुद्धा कानस होतं. त्यात घाम मिसळला की कातडी फुगते, सोलवटते, केसांच्या मुळांशी जंतू शिरतात आणि गळू होतं. दाब, घर्षण आणि ओल ही ती तिकडी.

कातड्याचा एक मोठा त्रास होता. धुतलं की वाळून पुठ्ठ्यासारखं कडक व्हायचं. मग हातांनी चोळून, स्निग्ध मलम लावून ते पुन्हा मऊ करावं लागे. आज बाजारात जी ‘शॅमी क्रीम’ मिळते ती मुळात या कातड्यासाठी होती. कातडं गेलं आणि क्रीम आपल्या त्वचेवर आली.

एवढं करूनही दुखणं संपलं नव्हतं. फ्रान्सच्या लुईझों बोबेने १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षं टूर जिंकली. तिसरी जिंकताना त्याच्या सीटच्या जागी इतक्या वाईट जखमा होत्या की नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे टूर त्याला पुन्हा जिंकता आली नाही.

मग आली लायक्रा. १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने रबरासारखा ताणणारा आणि परत मूळ मापावर येणारा धागा तयार केला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंड आणि इटलीतल्या कंपन्यांनी त्याच्या सायकलच्या चड्ड्या बाजारात आणल्या. लोकर भिजली की लोंबते, तिच्या चुण्या पडतात. लायक्रा कातडीसारखी चिकटून राहते, त्यामुळे कापड त्वचेवर सरकत नाही, त्वचेबरोबर सरकतं. माझ्या मते या चड्डीच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिचा गादीशी काही संबंध नाही. फोमची गादी त्यानंतर कातड्याच्या जागी आली.

तरी १९८७ साली स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत आयर्लंडच्या शॉन केलीला आघाडीवर असताना, शर्यत संपायला मोजके दिवस राहिले असताना, गळवामुळे माघार घ्यावी लागली. कोलंबियाचा लुइस हेरेरा जिंकला. तेव्हा चांगली चड्डी म्हणजे अभयदान नव्हे.

मुलीच्या प्रश्नाला आपल्याकडचंही उत्तर आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर झाले होते. वाटेत इराण होता, मेसोपोटेमियाचं वाळवंट होतं, आल्प्स होते. लायक्रा जन्माला यायला तेव्हा अजून तीस वर्षं होती. त्यांच्यापुढे माझे खलघाटचे २२० किलोमीटर आठवले की मान खाली जाते. अर्थात त्यांनी रोज सायकल चालवली, शरीर हळूहळू तयार झालं. मी मात्र नवी कोरी चड्डी थेट परीक्षेच्या दिवशी घातली.

आणखी एक गोष्ट मुलीमुळेच कळली. माझ्या त्या फजितीनंतर तिनेही सायकल घेतली आणि पुरुषांच्या मापाची गादीवाली घालून दुखणं ओढवून घेतलं. बायकांची ती दोन हाडं सरासरीने अधिक अंतरावर असतात. त्यामुळे गादीचा आधार मागच्या बाजूला रुंद हवा आणि पुढची रचनाही वेगळी हवी. इतकी साधी गोष्ट बाजाराला उशिरा का सुचली? ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ पासून होती, बायकांची पहिली १९८४ साली झाली. त्याआधी, १८९८ मध्ये, इंग्लंडात लेडी हार्बर्टन यांना सायकल चालवायचा ढगळ विजारीसारखा पोशाख घातला म्हणून एका हॉटेलने कॉफीच्या दालनात बसू दिलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. जिथे पोशाखालाच परवानगी नव्हती, तिथे पोशाखाच्या आतल्या मापाचा विचार कोण करणार?

आता या इतिहासाच्या आधारे चड्डी कशी निवडायची ते सांगतो.

पहिलं, जाडी बघू नका, घट्टपणा बघा. अंगठ्याने दाबून बघा. गादी सहज तळाला टेकली तर दोन तासांत ती चपटी होणार. फार मऊ आणि जाड गादीत हाडं रुततात आणि वजन नेमकं नको त्या मऊ भागावर येतं. माझं तेच झालं होतं. दाट फोमची पातळ गादी लांब पल्ल्याला उत्तम.

दुसरं, दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून ठरवू नका. हँडल धरल्यासारखे पुढे वाका. उभ्याने ती थोडी विचित्र वाटलीच पाहिजे, वाकल्यावर मात्र जागेवर बसली पाहिजे. कुठे चुणी पडली, गादी सरकली, तर एक माप लहान घालून बघा. बसण्याच्या जागी आडवी-उभी शिवण नको. पोटाला इलॅस्टिक काचत असेल तर खांद्यावरच्या पट्ट्यांची ‘बिब’ घ्या.

तिसरं, आत दुसरं काहीही घालू नका. त्या पातळ कातड्याचा सगळा उद्देश शिवण दूर ठेवण्याचा होता, आणि मी सुती चड्डी घालून शिवण परत आत आणली.

चौथं, प्रत्येक वेळी धुवा, सौम्य साबणाने, आणि उलटी करून वाळवा. कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका, त्याने कापडाची घाम ओढायची ताकद जाते. सायकलवरून उतरल्यावर चहा घेत त्याच ओल्या चड्डीत गप्पा मारत बसू नका. ४०० किंवा ६०० किलोमीटरला दुसरी जोडी बरोबर असू द्या. आपल्याकडच्या घामात हे युरोपपेक्षा जास्त गरजेचं आहे.

पाचवं, मोठ्या फेरीआधी तीच चड्डी, त्याच सीटवर, निदान शंभर किलोमीटरच्या दोन-तीन फेऱ्यांत घालून बघा. सीटच चुकीच्या उंचीवर असेल तर कंबर डावी-उजवी हलत राहते. तिथे कुठलीही चड्डी उपयोगाची नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी तोच रस्ता पुन्हा धरला. या वेळी गादी आधीच्या निम्म्या जाडीची होती आणि आत काही नव्हतं. खलघाटच्या पुलावर दोन मिनिटं थांबलो, नर्मदेला हात जोडले आणि पुन्हा सीटवर बसलो. बसता आलं, एवढंच त्या क्षणाचं सुख. घाट चढून रात्री साडेअकराला इंदुरात पोहोचलो, वेळ संपायला दीड तास बाकी होता. मुलगी गाडी घेऊन उभी होती. मागच्या सीटवर गोधडी तशीच अंथरलेली. म्हणाली, “असू दे म्हटलं, लागली तर.” लागली नाही. मी पुढच्या सीटवर बसलो, ताठ.

पुढच्या भागात भेटू. तोवर चाकात हवा आणि बाटलीत पाणी असू द्या.