शार्लट–मेक्लेनबर्ग शालेय जिल्हा : समान शिक्षणसंधीचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ कॅरोलायना राज्याचा एक सार्वजनिक शालेय जिल्हा. शार्लट हे शहर आणि त्याभोवतालचा मेक्लेनबर्ग काउंटीचा (परगण्याचा) सर्व प्रदेश त्याच्या कक्षेत येतो. विद्यार्थिसंख्येच्या दृष्टीने तो राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा असून त्याच्या शाळांत सु. १,४०,००० विद्यार्थी शिकतात. कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांना एकाच शाळेत आणण्यासाठी बसवाहतुकीचा उपयोग करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मान्यता दिली, ती याच जिल्ह्यातील खटल्यात. त्यामुळे समान शिक्षणसंधीच्या इतिहासात या जिल्ह्याला महत्त्वाचे स्थान लाभले आहे.

शालेय जिल्ह्याची संकल्पना : अमेरिकेतील शालेय जिल्हा म्हणजे भारतातील महसुली जिल्हा नव्हे. ठराविक प्रदेशातील सार्वजनिक शाळा चालविण्यासाठी राज्याच्या कायद्यान्वये निर्माण झालेला तो एक स्वतंत्र प्रशासकीय घटक होय. त्याचा कारभार सामान्यतः लोकनियुक्त शिक्षण मंडळ आणि त्याने नेमलेला अधीक्षक पाहतात. १९३० च्या सुमारास देशात अशा जिल्ह्यांची संख्या सव्वा लाखाहून अधिक होती. पुढे लहान जिल्ह्यांचे एकत्रीकरण होत जाऊन ती सु. १३,००० वर आली. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग अनेक ठिकाणी स्थानिक मालमत्ता-करातून भागविला जातो. त्यामुळे जिल्ह्याची सीमारेषा कोठून जाते, यावर मुलाला कोणती शाळा मिळणार व तिच्यावर किती खर्च होणार, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. श्रीमंत व गरीब जिल्ह्यांतील खर्चाची ही तफावत संघीय संविधानाचा भंग करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओच्या खटल्यात १९७३ साली दिला.

शार्लटमध्ये १९६० साली घडलेली एक प्रशासकीय घटना म्हणूनच निर्णायक ठरली. त्या वर्षी शहराची व काउंटीची स्वतंत्र शालेय व्यवस्था एकत्र करण्यात आली. या एकत्रीकरणाचा हेतू वर्णीय समता हा नव्हता; तथापि त्यामुळे शहराच्या मध्यभागी असलेल्या कृष्णवर्णीय वस्त्या आणि बाहेरील श्वेतवर्णीय उपनगरे एकाच मंडळाच्या अखत्यारीत आली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १,४२५ चौ. किमी. झाले.

पार्श्वभूमी : नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेत १८७५ साली झालेल्या दुरुस्त्यांनी दोन्ही वर्णांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा बंधनकारक केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या ब्राउन खटल्यात अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. परंतु प्रत्यक्ष बदल अत्यंत मंद गतीने झाला. राज्याने विद्यार्थ्यांना शाळा नेमून देण्याचे अधिकार स्थानिक मंडळांकडे सोपविले आणि मंडळांनी मोजक्याच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना श्वेतवर्णीयांच्या शाळांत प्रवेश दिला. ४ सप्टेंबर १९५७ रोजी शार्लटमध्ये असे चार विद्यार्थी चार शाळांत दाखल झाले. त्यांपैकी पंधरा वर्षांची डॉरथी काउंट्स ही हार्डिंग हायस्कूलमध्ये जात असताना जमावाने तिची टवाळी केली, तिच्यावर थुंकण्यात आले व कचरा फेकण्यात आला. या प्रसंगाची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. चार दिवसांनंतर तिच्या पालकांनी तिला शाळेतून काढून घेतले.

स्वान खटला : डॅरियस स्वान हे प्रेसबिटेरियन पंथाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी व्हेरा यांनी भारतात अनेक वर्षे मिशनरी कार्य केले होते. १९६४ साली हे कुटुंब शार्लटला परतले व डॅरियस तेथील जॉन्सन सी. स्मिथ विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा जेम्स याला घराजवळच्या मिश्र शाळेऐवजी केवळ कृष्णवर्णीयांची शाळा नेमून देण्यात आली. भारतात वर्णविभक्त शाळेचा अनुभव न आलेल्या आपल्या मुलाला मायदेशी असे शिक्षण मिळावे, हे पालकांना मान्य नव्हते. मंडळाकडे केलेला अर्ज निष्फळ ठरल्यावर जानेवारी १९६५ मध्ये त्यांच्यासह काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी संघीय न्यायालयात दावा दाखल केला. कृष्णवर्णीय वकील ज्यूलियस चेंबर्स यांनी त्यांची बाजू मांडली. याची किंमत चेंबर्स यांना मोजावी लागली : १९६५ साली त्यांची मोटार व नंतर त्यांचे घर यांवर बाँबहल्ले झाले आणि १९७१ साली त्यांचे कार्यालय जाळण्यात आले.

आरंभी न्यायालयाने मंडळाची योजना पुरेशी मानली. तथापि १९६८ साली व्हर्जिनिया राज्यातील ग्रीन खटल्यात, केवळ भेदाचे नियम रद्द करणे पुरेसे नसून दुहेरी शालेय व्यवस्था प्रत्यक्षात नष्ट करणे हे मंडळाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यामुळे शार्लटचा दावा पुन्हा सुनावणीस आला. १९६८-६९ मध्ये जिल्ह्याच्या १०७ शाळांत ८४,००० हून अधिक विद्यार्थी होते, त्यांपैकी सु. २९ टक्के कृष्णवर्णीय होते. शहरात शिकणाऱ्या २१,००० कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सु. १४,००० विद्यार्थी अशा २१ शाळांत होते की, जेथे जवळजवळ एकही श्वेतवर्णीय विद्यार्थी नव्हता. न्यायाधीश जेम्स मॅकमिलन यांनी २३ एप्रिल १९६९ रोजी निकाल दिला. आरंभी तेही बसवाहतुकीच्या कल्पनेस प्रतिकूल होते. परंतु पुराव्यांवरून, वस्त्यांची वर्णीय विभागणी ही शासकीय निर्णयांतूनही घडली असून शाळांनी तिच्यात भरच घातली आहे, अशी त्यांची खात्री झाली. मंडळाने समाधानकारक योजना न दिल्याने त्यांनी शिक्षणतज्ज्ञ जॉन फिंगर यांची नेमणूक केली व त्यांची योजना फेब्रुवारी १९७० मध्ये लागू केली. तीनुसार शहरातील नऊ कृष्णवर्णीय प्राथमिक शाळा उपनगरांतील २४ श्वेतवर्णीय शाळांशी जोडण्यात आल्या.

सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल १९७१ रोजी ही योजना एकमताने उचलून धरली. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकालपत्र लिहिले. शाळांच्या कक्षा बदलणे, दूरच्या वस्त्या एकमेकींशी जोडणे, वर्णीय प्रमाणाचा आरंभबिंदू म्हणून मर्यादित उपयोग करणे आणि विद्यार्थ्यांची बसने ने-आण करणे, ही सर्व साधने न्यायालयाने ग्राह्य मानली. बसप्रवास ही शार्लटमध्ये नवी गोष्ट नव्हती, हेही निकालपत्रात नमूद आहे. पूर्वीच्या व्यवस्थेत रोज २३,६०० विद्यार्थी एका वेळी सरासरी सु. २४ किमी. प्रवास करीत व त्यास तासाहून अधिक वेळ लागे. नव्या योजनेत प्राथमिक विद्यार्थ्यांचा प्रवास सु. ११ किमी. व फार तर ३५ मिनिटांचा होता. आक्षेप बसला कमी आणि ती जेथे पोहोचवीत होती त्या शाळेला अधिक होता, हे या आकड्यांवरून सूचित होते. मात्र दुहेरी व्यवस्था एकदा नष्ट झाली की शाळांतील वर्णीय प्रमाण दरवर्षी जुळवीत राहण्याची सांविधानिक सक्ती उरणार नाही, असेही त्याच निकालपत्रात म्हटले होते. पुढील माघारीचे बीज या वाक्यात होते.

अंमलबजावणी : प्रारंभीची वर्षे अशांततेची होती. विरोधी पालकांनी संघटना स्थापन करून मंडळाच्या निवडणुकीत जागा मिळविल्या. शाळांतून विद्यार्थ्यांच्या मारामाऱ्या झाल्या. योजनेचा भारही समान नव्हता. जोडलेल्या शाळांत कृष्णवर्णीय मुले पहिली ते चौथी या कोवळ्या वयात उपनगरांत जात, तर श्वेतवर्णीय मुले केवळ पाचवी व सहावीसाठी शहरात येत. कृष्णवर्णीय समाजाच्या अनेक जुन्या शाळा बंद झाल्या. त्यांपैकी सेकंड वॉर्ड हायस्कूल १९६९ साली बंद होऊन पुढे जमीनदोस्त झाले. या शाळांबरोबर त्या समाजाची सांस्कृतिक केंद्रेही गेली. श्रीमंत आग्नेय भागातील कुटुंबांना मात्र प्रथम बरीच सवलत मिळाली होती.

ही विषमता दूर करण्यासाठी १९७४ साली एका नागरिक समितीने नवी योजना तयार केली. तिच्यामुळे शहरातील सर्वांत संपन्न वस्त्यांतील मुले वेस्ट शार्लट हायस्कूल या परंपरेने कृष्णवर्णीय शाळेत जाऊ लागली. भार सर्वांनी वाटून घेतल्यानंतरच विरोध ओसरला, ही या प्रयोगातील लक्षणीय बाब होय. १९७५ साली मॅकमिलन यांनी खटल्यावरील प्रत्यक्ष देखरेख थांबविली. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये बसवाहतुकीवरून दंगली उसळल्या असता तेथील काही विद्यार्थी वेस्ट शार्लटची पाहणी करण्यास आले होते. राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये शार्लट येथील प्रचारसभेत बसवाहतुकीवर टीका केली, तेव्हा स्वपक्षीय श्रोतेही स्तब्ध राहिले. दुसऱ्या दिवशी शहरातील प्रमुख वृत्तपत्राने अग्रलेखातून राष्ट्राध्यक्षांचे म्हणणे खोडून काढले.

डिट्रॉइट शहराशी तुलना केली असता या यशाचे एक कारण स्पष्ट होते. तेथे शहर व उपनगरे यांचे शालेय जिल्हे वेगळे होते. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्यांना योजनेत ओढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या मिलिकन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. त्यामुळे तेथील श्वेतवर्णीय कुटुंबांना जिल्ह्याची सीमा ओलांडून शहरी शाळा टाळता येत होत्या. शार्लटमध्ये उपनगरे त्याच जिल्ह्यात असल्याने हा मार्ग बराचसा बंद होता.

आदेशाची अखेर : १९८० नंतर शार्लट हे बँकव्यवसायाचे मोठे केंद्र बनले. बाहेरून आलेल्या नव्या रहिवाशांना पूर्वीच्या संघर्षाची आठवण नव्हती आणि वस्ती काउंटीच्या कडांपर्यंत पसरल्याने प्रवासाचे अंतर वाढत गेले. १९९२ पासून अधीक्षक जॉन मर्फी यांनी सक्तीच्या वाहतुकीऐवजी मॅग्नेट शाळांवर, म्हणजे विशेष अभ्यासक्रमाच्या आकर्षणाने सर्व भागांतून विद्यार्थी मिळविणाऱ्या शाळांवर, भर दिला. त्यांतील प्रवेशासाठी वर्णीय प्रमाण पाळले जाई. आपल्या मुलीला यामुळे प्रवेश नाकारला गेला, असा दावा एका श्वेतवर्णीय पालकाने १९९७ साली केला. जुन्या खटल्यातील कृष्णवर्णीय पक्षाने आदेश कायम ठेवण्याची मागणी केली आणि एके काळी आदेशाला विरोध करणारे शिक्षण मंडळ आता त्याच्या बाजूने उभे राहिले. न्यायाधीश रॉबर्ट पॉटर यांनी सप्टेंबर १९९९ मध्ये दुहेरी व्यवस्था संपुष्टात आल्याचे जाहीर केले. अपील न्यायालयाने २००१ साली हा निष्कर्ष कायम केला. एप्रिल २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. २००२-०३ पासून मुलांना प्रामुख्याने घराजवळची शाळा मिळू लागली.

परिणाम व मूल्यमापन : वस्त्या वर्ण व उत्पन्न यांनुसार विभागलेल्या असल्याने शाळाही अल्पावधीत तशाच झाल्या. वेस्ट शार्लटमध्ये श्वेतवर्णीय विद्यार्थी जवळजवळ उरले नाहीत. या बदलाचा अभ्यास करून बिलिंग्ज, डेमिंग व रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या शाळांत अल्पसंख्य विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढले, त्यांत नेमल्या गेलेल्या दोन्ही वर्णांच्या मुलांचे गुण घटले आणि अल्पसंख्य तरुण मुलांतील गुन्ह्यांचे प्रमाण वाढले. जादा साधनसामग्री पुरविल्याने शैक्षणिक हानी काहीशी कमी झाली, पण गुन्ह्यांवर तसा परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, गरीब घरातील मुलास वरच्या आर्थिक स्तरात जाण्याची संधी किती, या कसोटीवर देशातील ५० मोठ्या महानगर प्रदेशांत शार्लटचा क्रमांक शेवटचा लागला. संपन्न शहराला हा धक्का होता. त्यानंतर नेमलेल्या स्थानिक कृतिदलाने २०१७ च्या अहवालात विभक्त वस्त्या व शाळा हे एक मूलभूत कारण मानले. याच सुमारास जिल्ह्याने मॅग्नेट शाळांच्या प्रवेशात कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती विचारात घेतली आणि काही शेजारच्या शाळा जोडण्याचा जुना उपाय मर्यादित प्रमाणात पुन्हा अवलंबिला.

एकात्मीकरणाचा काळ निर्दोष होता, असे म्हणता येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉझलिन मिकलसन यांच्या संशोधनानुसार, एकाच इमारतीतही कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात खालच्या श्रेणीच्या वर्गांत ठेवले जात. त्यामुळे शाळा एक झाली तरी वर्ग वेगळेच राहिले. तथापि मिश्र शाळांत अधिक काळ शिकलेल्यांची शैक्षणिक प्रगती तुलनेने चांगली होती, असेही त्यांना आढळले.

शार्लटच्या इतिहासावरून असे दिसते की, समतेचे धोरण जाहीर करणे सोपे असले, तरी ते टिकण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : गरीब व श्रीमंत वस्त्यांना सामावणारी सीमा, धोरणाचे बंधनकारक स्वरूप आणि त्याचा भार संपन्न वर्गानेही उचलणे. शार्लटमध्ये १९७४ नंतर सु. दोन दशके या तिन्ही एकत्र आल्या. २००२ नंतर सीमा तीच राहिली. पण बंधन व भाराची समान वाटणी नाहीशी होताच दोन पिढ्यांनी उभारलेली व्यवस्था काही वर्षांत मोडली.