इंग्लिश भाषेतील लॅटिन संक्षेप

इंग्लिश भाषेतील लॅटिन संक्षेप म्हणजे लॅटिन शब्दांपासून किंवा पदबंधांपासून बनलेली व इंग्लिश लेखनात रूढ झालेली लघुरूपे होत. वेळ, कालगणना, वजने, पदव्या, संशोधनलेखन आणि औषधचिठ्ठी यांत ती आढळतात. इंग्लिशच्या माध्यमातून ती भारतातही प्रचलित झाली.

उगम

रोमन लोक शिलालेखांवर व नाण्यांवर जागा वाचवण्यासाठी शब्द संक्षिप्त करीत. वक्ता व लेखक सिसरो (इ.स.पू. १०६–४३) याचा लेखनिक तीरो याच्याकडे एका लघुलेखनपद्धतीचे श्रेय परंपरेने दिले जाते. मध्ययुगीन युरोपात चर्मपत्र महाग असल्याने हस्तलिखितांत संक्षेपांचा वापर पुष्कळ होत असे. 'अँपरसँड' हे चिन्ह 'एट' (आणि) या लॅटिन शब्दाची दोन अक्षरे जोडून तयार झाले. चर्च, विद्यापीठे व वैद्यक यांची भाषा दीर्घकाळ लॅटिन राहिल्याने हे संक्षेप इंग्लिशमध्ये टिकून राहिले.

नित्य वापरातील संक्षेप

* ए.एम., पी.एम. – आन्ते मेरिडिएम (मध्यान्हापूर्वी), पोस्ट मेरिडिएम (मध्यान्हानंतर)
* ए.डी. – आन्नो डोमिनी (प्रभूच्या वर्षी)
* एल.बी. – लिब्रा, पौंड या वजनाचे लघुरूप
* ई.जी. – एक्झेम्प्ली ग्रातिया (उदाहरणार्थ)
* आय.ई. – इड एस्ट (म्हणजे)
* एट अल. – एट अलिई (आणि इतर)

यांपैकी 'ई.जी.' व 'आय.ई.' यांची गल्लत वारंवार होते. पहिल्यानंतर काही निवडक उदाहरणे येतात, तर दुसऱ्यानंतर आधीच्या विधानाचा नेमका खुलासा येतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरल्यास वाक्याचा अर्थ बदलतो. 'एट सेटेरा' यात 'आणि' हा अर्थ अंतर्भूत असल्याने त्यापूर्वी 'अँड' लिहिणे ही द्विरुक्ती ठरते.

औषधचिठ्ठीतील संक्षेप

औषधचिठ्ठीच्या आरंभी येणारे 'आर-एक्स' हे चिन्ह 'रेकिपे' (घे) या आज्ञार्थी क्रियापदापासून आले आहे. भारतातील चिठ्ठ्यांवर 'ओ.डी.' (दिवसातून एकदा), 'बी.डी.' (दोनदा), 'टी.डी.एस.' (तीनदा), 'ए.सी.' (जेवणापूर्वी), 'पी.सी.' (जेवणानंतर) व 'एच.एस.' (झोपताना) हे संक्षेप सर्रास दिसतात. 'एस.ओ.एस.' येथे संकटसूचक नसून 'सी ओपुस सित', म्हणजे 'गरज भासल्यास', असा त्याचा अर्थ आहे.

संक्षेपाचा चुकीचा अर्थ लावल्यास औषधाची मात्रा चुकू शकते. 'ओ.डी.' हाच संक्षेप नेत्रवैद्यकात 'ओकुलुस डेक्स्टर' (उजवा डोळा) या अर्थाने वापरतात. 'क्यू.डी.' (रोज एकदा) हा संक्षेप घाईच्या हस्ताक्षरात 'क्यू.आय.डी.' (दिवसातून चारदा) असा वाचला जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतील 'जॉइंट कमिशन' या रुग्णालय-मूल्यांकन संस्थेने २००४ मध्ये वापर टाळावयाच्या संक्षेपांची यादी केली, तीत 'क्यू.डी.'चा समावेश आहे. अशा वेळी 'रोज एकदा' असे पूर्ण शब्दांत लिहिणे सुरक्षित मानले जाते.