निशाणी आणि ठसा

जुन्या मराठी दस्तऐवजांत निरक्षर कुणबी सहीऐवजी नांगर रेखाटी. ही खूण धंद्याची, व्यक्तीची नव्हे. दोन कुणब्यांचे नांगर पंचांनी वेगळे ओळखावेत कसे? व्यक्तीची खूण बंगालमध्ये कागदावर आली. जंगीपूर येथे १८५८ मध्ये विल्यम हर्शेल याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू ओळख पटविण्याचा नसून, त्याने करार नाकारू नये म्हणून धाक घालण्याचा होता! कलकत्त्यास १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय निघाले. तेथील वर्गीकरणाचे पुष्कळसे श्रम अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचे. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे मिळाले. १८९९ च्या दुरुस्तीने पुराव्याच्या कायद्यात बोटांचे ठसे आले. मराठीने जुना शब्द टाकला नाही; नांगर गेला, तरी अंगठ्याशेजारी ‘निशाणी’ राहिली.