आजीची ओवी आणि घरचा संगणक

मंचर काय, जुन्नर काय, बचत गटाची बैठक संपली की मी एखाद्या आजींना म्हणते, "जात्यावरची एक ओवी म्हणा ना." आधी लाजतात, मग थांबत नाहीत. मागे एका आजींचा आवाज मी मोबाईलवर घेतला. मोबाईल बिघडला, आवाज गेला. त्याच पावसाळ्यात आजीही गेल्या. चूक माझीच. दुसरी प्रत ठेवली नव्हती.

हे काम आपल्याकडं फार मोठं झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांना सोबत घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बहुतेक कागदावर उतरवलेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभ्यासक आले. त्यांनी ओव्यांची संगणकावर नोंद केली आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. म्हणजे शब्द लाखाचे उरले, गळा मात्र थोड्याच बायांचा. चांगलं ध्वनिमुद्रण तेव्हा महागाचं काम होतं.

पुढं साधनं बदलली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगाला खुला केला. आपल्या खोडदच्या महादुर्बिणीचे संकेतही आज लिनक्सवरच्या संगणकांत साठतात. २००० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित करण्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत आलं. २००६ मध्ये सरकारनं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. २००८ मध्ये म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली.

म्हणून आता कुणाची वाट बघायची गरज नाही. चार जीबी मेमरीचा जुना संगणक, त्यात एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट आणि ऑडॅसिटी, जोडीला यूएसबी माइक. एवढं गटाला पुरतं. पंखा बंद करा, भिंतीला गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमत नाही. मूळ मुद्रण 'वेव्ह' प्रकारातच ठेवा. एका चॅनेलवर, नेहमीच्या दर्जाचं घेतलं तर मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते, तासाला तीनशेच्या वर. रेडिओला पाठवायला एमपी३ वेगळी काढा.

आणि दोन गोष्टी यंत्र करत नाही. आवाज घेण्याआधी आजींना विचारायचं. मग नाव, गाव, तारीख लिहून ठेवायची. प्रती तीन करा: एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी. पैशाचा हिशोब आपण वहीत दोनदा तपासतो. आजीचा आवाज त्याहून स्वस्त आहे का?

पुढच्या बैठकीला येताना आजींना सोबत आणा.