अपस्मार : झटक्यांचे प्रकार व औषधे

मेंदूच्या पेशींत अचानक अनियंत्रित विद्युतलहरी उसळल्या की अपस्माराचा झटका, अर्थात फिट येते. मेंदूच्या एका भागात सुरू होणारा झटका 'आंशिक'. त्यावर कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम उपयुक्त ठरतात. 'सार्वत्रिक' झटक्यात शुद्ध हरपून सर्वांगाला आचके येतात. त्यावर व्हॅल्प्रोएट प्रभावी असले तरी गर्भाला धोका असल्याने तरुण स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते, तो 'अ‍ॅब्सेन्स' झटका कार्बामाझेपिनने बळावू शकतो. तेथे इथोसक्सिमाइड देतात. म्हणूनच प्रत्यक्षदर्शीने केलेले वर्णन निदानासाठी मोलाचे असते.

झटका आल्यास कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे. झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. औषधे परस्पर बंद करू नयेत. १९९९च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यातही अपस्मार हा अडसर उरलेला नाही.