काडतुसाचा साचा

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. काडतुसाच्या साच्याची ही गोष्ट मात्र अमेरिकेतली. १९४३ साली, महायुद्धामुळे तिथल्या शिकाऱ्यांना चांगल्या गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागल्या खोलीत साचे घडवले. वापरलेल्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्यांपासून त्यांत नव्या गोळीचं कवच तयार होई. 'रॉक चक' या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी ही खटपट. कंपनीच्या 'आरसीबीएस' या नावातली पहिली दोन अक्षरं त्याचीच. पुढे तिने पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचे साचेही विकले.

ते निवडताना खरा पेच पडतो. बार उडाला की पितळी पुंगळी फुगते आणि त्या बंदुकीचं माप घेते. एक साचा तिला सबंध आवळून जवळजवळ मूळ मापावर आणतो. ती दुसऱ्या बंदुकीतही चालते. दुसरा नुसती मान आवळतो. पितळ कमी थकतं, पण पुंगळी त्या एकाच बंदुकीची होऊन बसते. मी बंदूक कधी हाती धरलेली नाही, वृत्तात शब्द बसवतो एवढंच. मला हा मानेपुरता साचा भावतो. शिकारीला निघालेल्याने मात्र पहिलाच घ्यावा. रानात पुंगळी अडकली तर सोडवायला कोण येणार?