कुलाब्याहून अलिबागेस : एका वेधशाळेचे स्थलांतर

मुंबईच्या शासकीय वेधशाळेतील भूचुंबकीय निरीक्षणांचे काम १९०६ साली कुलाब्याहून अलिबागेस हलविण्यात आले. त्या काळी अलिबाग हे कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. स्थानिक इतिहासात ह्या घटनेस क्वचितच एखाद्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळते. तथापि विज्ञान आणि तंत्रविद्या ह्यांच्यामुळे मनुष्याची जगाविषयीची जाण कशी घडते, ह्या प्रश्नाच्या दृष्टीने ती विशेष विचारार्ह आहे. तंत्रविद्या विज्ञानास नवी साधने पुरविते आणि त्यायोगे निसर्गाचे ज्ञान वाढते, असे सामान्यतः मानले जाते. हे मत खोटे नाही, पण अपुरे आहे. तंत्रविद्या निसर्ग उघड करते, तशीच ती त्यास झाकूनही टाकते, आणि अशा प्रसंगी ज्ञानाचे रक्षण समाजाने जाणूनबुजून केलेल्या निवडीवर अवलंबून राहते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. १८४१ पासून तेथे भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. जर्मनीत गाउस व वेबर ह्यांनी निरनिराळ्या देशांतील चुंबकीय वेधांची सांगड घालण्याचा उपक्रम त्यापूर्वीच हाती घेतला होता. कुलाब्याचे काम त्याच व्यापक प्रयत्नात मोडते. प्रारंभी निरीक्षक ठराविक वेळी उपकरणाचे वाचन डोळ्यांनी करून आकडे वहीत उतरवीत. १८७२ पासून छायाचित्रण पद्धतीने अखंड नोंद होऊ लागली. १८९६ साली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे संचालक झाले. ह्या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत.

ह्याच सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम चालविण्याचा विचार पुढे आला. विजेच्या ट्रामला तारेतून मिळणारा एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो. त्याचा काही अंश जमिनीत झिरपतो आणि भोवताली स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. अशा स्थितीत चुंबकसूची हलली, तर ती पृथ्वीच्या क्षेत्रातील बदलामुळे हलली की रस्त्यावरून गेलेल्या गाडीमुळे, हे सांगता येत नाही. ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. लंडनजवळील क्यू येथील चुंबकीय काम ट्रामच्याच कारणाने स्कॉटलंडमधील एस्कडेलमुइर येथे न्यावे लागले, आणि तेथील वेधशाळा १९०८ साली सुरू झाली.

मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस, खाडीपलीकडे असलेले अलिबाग ह्या कामासाठी निवडण्यात आले. १९०४ साली तेथे वेधशाळेची इमारत उभी राहिली. तिच्यासाठी पोरबंदरचा दगड वापरला गेला आणि बांधकामात लोखंड येऊ दिले नाही. पुढील दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. हीच ह्या स्थलांतरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. दोन ठिकाणच्या आकड्यांतील अंतर निश्चित झाल्यामुळेच जुनी नोंदमाला नव्या नोंदमालेस जोडता आली. १९०६ च्या एप्रिलमध्ये हे काम पूर्णतः अलिबागेस गेले. मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ च्या मे महिन्यात. एका तंत्राने दुसऱ्यासाठी वाट पाहिली, असा प्रसंग नगरांच्या इतिहासात विरळाच.

ह्या सातत्याचे मोल दोन प्रकारे प्रत्ययास आले. १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे विवेचन मूस ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी एकत्र करून त्यांनी वादळाचे सर्वसामान्य स्वरूप शोधले. क्षेत्राच्या आडव्या घटकात प्रथम अल्प वाढ, मग मोठी घट आणि अखेरीस सावकाश पूर्वस्थिती, असा हा क्रम आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन ह्यांनी सूर्यावर एक तेजस्वी उद्रेक पाहिला. त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले आणि अनेक देशांतील तारायंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांची, घट टिपून ठेवली होती. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्षसिंग लखिना व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली ह्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने अजमावली. मार्च १९८९ मधील सौर वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला होता. १८५९ चे वादळ त्याहूनही कितीतरी प्रबळ होते. अर्थात वहीत आकडा उतरविणाऱ्यास त्याचा संपूर्ण अर्थ ठाऊक असणे शक्य नव्हते. तो अर्थ कळण्यास १४४ वर्षे जावी लागली, आणि तोपर्यंत ती वही व ती मोजमापाची परंपरा टिकावी लागली.

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची निरीक्षणे मात्र पुढे चालू राहिली. १९७१ साली स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे त्यांची धुरा आहे. ट्रामने नगरवासीयांची अंतराची व वेळेची कल्पना बदलली, हे निर्विवाद. पण जी साधी सोय दिसते, तिने निसर्गाचा कोणता आवाज दबला, हाही प्रश्न इतिहासकाराने विचारावयास हवा. कोकणच्या इतिहासाचे अभ्यासक आंग्र्यांची कागदपत्रे व बंदरांच्या नोंदी चाळतात. त्याच साधनसामग्रीत अलिबागच्या ह्या नोंदपटांचीही गणना व्हावी, कारण ह्या किनाऱ्याने जगाच्या ज्ञानात घातलेली भर त्यांत दिवसागणिक लिहिली गेली आहे.